पडक्या इंग्लिश चर्चची भिंत कशी वाचायची: व्हॅरम पर्सीच्या सेंट मार्टिन्समध्ये एक दिवस

यॉर्कशायरमध्ये राहायला आल्यापासून मी पडकी चर्चेस बघत फिरतोय, आणि ओळखीतले मराठी लोक हमखास विचारतात की त्या पडक्या भिंतीत एवढं बघण्यासारखं काय आहे, फोटो काढला की झालं ना. म्हणून म्हटलं एकदा सगळं व्यवस्थित लिहूनच काढू, म्हणजे तुम्ही इथे राहत असाल किंवा मुलांकडे दोन-तीन महिने येणार असाल तर एखादा दिवस काढून स्वतः जाऊन बघता येईल. पद्धत कुठल्याही पडक्या पॅरिश चर्चला, म्हणजे एखाद्या वस्तीच्या नेहमीच्या चर्चला, चालते, पण उदाहरण एकच धरतो, व्हॅरम पर्सी गावातलं सेंट मार्टिन्स, कारण शिकायला याच्यापेक्षा चांगली जागा मला तरी माहीत नाही. हे चर्च आधी वाढलं आणि मग आकसलं, आणि दोन्ही गोष्टी भिंतीत उघड दिसतात.

आधी थोडी पार्श्वभूमी. यॉर्कशायर वोल्ड्स म्हणजे चॉकच्या, खडूसारख्या पांढऱ्या दगडाच्या टेकड्या. त्यात मॉल्टनपासून जवळच एका दरीच्या कडेला व्हॅरम पर्सी हे गाव होतं, ते साधारण १५०० च्या सुमारास ओस पडलं कारण जमीनदाराला शेतीपेक्षा मेंढ्या परवडायला लागल्या. आता तिथे घरांचे फक्त गवताखालचे उंचवटे आहेत. १९५० ते १९९० अशी चाळीस वर्षं इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड आणि पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांनी दर उन्हाळ्यात तिथे उत्खनन केलं, चर्चची आतली जमीनसुद्धा खणली, आणि कळलं की पहिलं चर्च दहाव्या शतकातलं छोटंसं लाकडी होतं, त्यावर दगडी आलं, मग ते मोठं होत गेलं. गाव गेलं तरी चर्च मात्र चालू राहिलं! कारण पॅरिश म्हणजे एक गाव नव्हे, थिक्सेनडेल, टॉथॉर्प, बर्डेल, रेस्थॉर्प ही आसपासची गावंही याच चर्चची. १८७० मध्ये थिक्सेनडेलला स्वतःचं नवीन चर्च झालं आणि इथली वर्दळ आणखी कमी झाली, शेवटी १९४९ नंतर प्रार्थना बंदच झाल्या. मग छताचं शिसं चोरीला गेलं, आणि १९६० च्या आसपास टॉवरचा अर्धा भाग कोसळला.

आता प्रत्यक्ष कामाला लागू.

१. जायच्या आधीची तयारी

घरी बसून एकच काम करा, जुना नकाशा बघा. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर ऑर्डनन्स सर्व्हे या नकाशे काढणाऱ्या ब्रिटिश संस्थेचे एकोणिसाव्या शतकातले नकाशे फुकट बघता येतात, इंग्लंडचेही, आणि आजच्या सॅटेलाइट फोटोवर ठेवून सरकवता येतात. त्यात चर्च कुठे, वाट कुठून, तळं कुठे हे कळतं. बाकी इतिहास मुद्दाम वाचू नका. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी सगळं वाचून गेलो होतो, आणि मग डोळे फक्त वाचलेल्या गोष्टी शोधत राहिले, जे समोर होतं ते दिसलंच नाही. त्यामुळे तिथला माहितीफलकसुद्धा शेवटी वाचायचा, हे मी आता सगळ्यांना सांगतो.

सोबत वही-पेन्सिल, ५ मीटरचा टेप, टॉर्च, असेल तर दुर्बीण, आणि फोनमधला कंपास. पायात पाणी न शिरणारे बूट. व्हॅरम पर्सीला तिकीट नाही, जागा इंग्लिश हेरिटेज या जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहे, पण कार पार्कपासून साधारण एक किलोमीटरच्या वर चालावं लागतं आणि वाट उताराची, पाऊस झाला असेल तर भयंकर निसरडी. जाताना उतार म्हणजे येताना चढ, हे आई-बाबांना घेऊन जाणार असाल तर आधीच हिशोबात धरा. गुरं चरत असतात, त्यांच्या मधून जाऊ नका, वळसा घाला. टॉयलेट, चहा काही नाही, पाणी आणि डबा सोबत न्या.

वेळ कुठली? हिवाळ्यातली सकाळ किंवा ऊन कलतं ती दुपार. सूर्य खाली असला की प्रकाश भिंतीला घासून जातो आणि प्रत्येक सांधा, प्रत्येक पुढे आलेला दगड सावली टाकतो. भर उन्हाळ्यात दुपारी बारा वाजता तीच भिंत सपाट दिसते. टॉर्च पण त्याचसाठी, अंधाऱ्या कोपऱ्यात भिंतीला चिकटवून आडवा प्रकाश टाकून बघा, पुसट झालेली कोरीव रेघसुद्धा उठून दिसते.

२. आत जायचं नाही, आधी बाहेरून प्रदक्षिणा

पोचलात की सरळ आत शिरायचा मोह होतो, तो टाळा. आधी बाहेरून पूर्ण चक्कर, सावकाश. दिशा ठरवून घ्या: अल्टर म्हणजे वेदी पूर्वेला, टॉवर बहुतेक वेळा पश्चिमेला, लोकांचा दरवाजा बहुधा दक्षिणेला. पूर्वेकडचा अरुंद भाग म्हणजे चान्सल, तिथे पाद्री. मधला मोठा भाग म्हणजे नेव्ह, तिथे गावकरी. नेव्हच्या बाजूला ओसरीसारखी जोडलेली पट्टी असली तर ती आइल, आणि नेव्ह-आइलच्या मध्ये भिंतीऐवजी खांबांवर कमानींची रांग असते तिला आर्केड म्हणतात. एवढे पाच-सहा शब्द पुरेत.

एक गोष्ट मात्र डोक्यात ठेवा, फार उपयोगी पडते. चान्सलची डागडुजी रेक्टरची जबाबदारी, म्हणजे ज्याला त्या चर्चचा मुख्य दशांश कर मिळायचा त्याची, आणि नेव्हची डागडुजी गावकऱ्यांची. खिसे दोन, म्हणून काम दोन प्रकारचं. एका बाजूला घडीव दगड आणि दुसरीकडे ओबडधोबड भरणी दिसली तर आधी हा विचार करा. सेंट मार्टिन्सचं चान्सल सतराव्या शतकात आखूड करून टाकलं, एवढ्या कमी लोकांसाठी एवढं मोठं छप्पर कोण सांभाळणार. पूर्वेच्या टोकाला उभं राहून आज भिंत जिथे संपते तिथून पुढे गवतात चालत जा, जुनं चान्सल तुमच्या पायाखाली असतं.

३. सांधे शोधा, खरा अभ्यास इथेच आहे

हा भाग मी बाबांकडून शिकलो. बाबांनी कराडला तीस वर्षं बांधकामावर सुपरवायझर म्हणून काढली, त्याआधी स्वतः गवंडीकाम केलेलं. इंग्रजी इतिहास त्यांना शून्य. मी त्यांना व्हॅरम पर्सीला नेलं, ते नेव्हच्या भिंतीसमोर पाच मिनिटं नुसते उभे राहिले, मग जवळ गेले, भिंतीवरून हात फिरवत एका जागी थांबले आणि म्हणाले, "अरे, ही कमान होती. नंतर भरलीये. इथं सांधेमोड नाही बघ."

सांधेमोड म्हणजे काय, दगडाचा किंवा विटेचा उभा सांधा खालच्या थरातल्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही, प्रत्येक थरात तो मोडायचा, म्हणजे भिंत एकमेकांत गुंतून एकजीव होते. एका वेळी बांधलेल्या भिंतीत हे असतंच. त्यामुळे जिथे खालपासून वरपर्यंत सरळ उभी रेघ दिसते, जिथे दोन्हीकडचे दगड एकमेकांत शिरलेलेच नाहीत, तिथे दोन वेगळ्या काळातली कामं शेजारी येऊन टेकलीयेत. बाबांच्या बोटाखाली तीच रेघ होती: एका बाजूला खांबाचा घडीव, गुळगुळीत दगड, आणि त्याला लागून लहानमोठे अनघड दगड कोंबून भरलेली भिंत. रेघेच्या मागावर नजर वर नेली की ती वळते आणि कमान होते! एकदा एक दिसली की पुढची, तिच्या पुढची, सगळी रांगच भिंतीतून बाहेर येते. मी त्याआधी दोनदा तिथे जाऊन आलो होतो, आणि मला ती फक्त भिंत वाटली होती.

आता याचा अर्थ लावा. कमानींची रांग आहे म्हणजे पलीकडे आइल होतं. दक्षिणेचं आइल बाराव्या शतकाच्या शेवटी बांधलं, उत्तरेचं तेराव्यात, कारण माणसं वाढत होती. पुढे माणसं घटली, १३४८-४९ चा प्लेग, नंतर मेंढ्या, मग दोन्ही आइल पाडून टाकली आणि कमानी दगडांनी बुजवून त्याचीच बाहेरची भिंत केली. म्हणजे गावाची जनगणनाच त्या भिंतीत आहे, फक्त आकडे नाहीत. मला हे फार आत लागलं, कारण आपण नेहमी गाव वाढल्याच्या खुणा बघतो, गाव आटत गेल्याच्या खुणा इतक्या स्पष्ट कुठे दिसत नाहीत.

बरं, नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: जे टेकलंय ते नंतरचं, ज्यावर टेकलंय ते आधीचं. जे भरलंय ते नंतरचं, ज्यात भरलंय ते आधीचं. वहीत प्रत्येक उभ्या सांध्याला नंबर द्या आणि बाजूला एवढंच लिहा, कोण आधी, कोण नंतर. सन अजिबात लिहू नका अजून.

सांध्यांबरोबर अजून काय शोधायचं: भिंतीत एका ओळीत, ठरावीक अंतरावर चौकोनी भोकं असतील तर ती परांचीच्या लाकडांची. त्यांची ओळ मध्येच तुटली तर काम थांबून पुन्हा सुरू झालं असू शकतं. भिंतीतून बाहेर आलेले तोडे, म्हणजे दगडी टेकू, दिसले तर त्यावर कधीतरी तुळया बसल्या होत्या, तिथे छप्पर होतं. टॉवर जिथे नेव्हला भिडतो त्या बाजूला वर तिरकी दगडी पट्टी दिसते का बघा, उलट्या व्ही सारखी. ती जुन्या छपराची रेषा, पाणी आत शिरू नये म्हणून दगडाची पन्हाळ काढलेली असते. चर्चेसची जुनी छपरं उभट असायची, नंतर शिशाचे पत्रे टाकले तेव्हा उतार कमी केला, कारण शिसं जड, उभ्या उतारावर घसरतं. त्यामुळे एकाच टॉवरवर दोन-दोन छपरांच्या रेषा सापडतात, एक उंच टोकदार, एक बसकी.

४. मग खिडक्या आणि कमानी, पण जपून

आता काळ ठरवायला घ्या. १८१७ मध्ये थॉमस रिकमन नावाच्या माणसाने इंग्लिश मध्ययुगीन बांधकामाला जी नावं दिली तीच आजही चालतात. नॉर्मन म्हणजे १०६६ नंतर साधारण ११९० पर्यंत: अर्धगोल कमान, जाड भिंती, बुटके दणकट खांब, दरवाज्याभोवती नागमोडी झिगझॅग नक्षी. अर्ली इंग्लिश, साधारण तेराव्या शतकाचा मोठा भाग: टोकदार कमान, भाल्याच्या पात्यासारख्या उंच अरुंद खिडक्या. डेकोरेटेड, तेराव्याच्या शेवटापासून १३५० पर्यंत: खिडकीच्या वरच्या भागात दगडाची वाहती नक्षी, पानाफुलांसारखी वळणं. आणि पर्पेंडिक्युलर, १३५० पासून सोळाव्या शतकापर्यंत: सगळं सरळ उभं, मोठ्या खिडक्या, उभे दगडी गज थेट वरपर्यंत, कमानीसुद्धा चपट्या.

हे पाठ झालं की माणूस लगेच प्रत्येक खिडकीवर सन चिकटवायला लागतो, आणि इथेच फसतो. घडीव दगड महाग. आइल पाडलं तर त्याच्या खिडक्या फेकून थोडीच देणार, त्या काढून बुजवलेल्या भिंतीत परत बसवायच्या, ही सर्रास पद्धत होती. त्यामुळे खिडकी भिंतीपेक्षा शंभर-दीडशे वर्षांनी जुनी असू शकते. उलटही होतं, बाराव्या शतकाच्या भिंतीला भोक पाडून पंधराव्या शतकाची खिडकी घातलेली. ओळखायचं कसं? खिडकीच्या चौकटीभोवतीची भरणी बघा. भोवतीचे थर खिडकीच्या दगडांशी जुळत असतील तर दोन्ही एकत्र बांधलं, आणि भोवती बारीक दगड, वेगळा चुना, उगीच कोंबाकोंबी दिसली तर खिडकी मागाहून आलेली. म्हणूनच आधी सांधे आणि नंतर खिडक्या, हा क्रम सोडू नका.

५. आता आत या

आत आल्यावर मधोमध न थांबता भिंतींच्या कडेने फिरा आणि कमरेच्या उंचीवर लक्ष द्या. चान्सलच्या दक्षिण भिंतीत छोटा कोनाडा आणि तळाला भोक असलेला खोलगट दगड दिसला तर ती पिसिना, विधीची पवित्र भांडी धुवायची जागा. तीच गोष्ट नेव्हच्या किंवा आइलच्या भिंतीत दिसली तर तिथे आणखी एक वेदी होती, म्हणजे कुणीतरी पैसे देऊन आपल्या मेलेल्या माणसांसाठी तिथे प्रार्थना चालवत होतं. अशा चॅन्ट्री १५४७ च्या कायद्याने बंद झाल्या. पिसिना इतकी छोटी असते की बहुतेक लोक तिच्याजवळून निघून जातात, पण वेदी, मेणबत्त्या, चित्रं सगळं गेल्यावर तीच एक साक्ष उरते, त्यामुळे ती सापडली की मला तरी मनापासून आनंद होतो.

नेव्ह आणि चान्सलच्या मध्ये वर जाणारा, कुठेच न पोचणारा अरुंद दगडी जिना किंवा हवेत लटकलेलं दार दिसलं तर तो रूड लॉफ्टचा, मोठ्या क्रूसासमोरच्या लाकडी माळ्याचा. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेत हे माळे काढून टाकले, लाकूड गेलं पण दगडातला जिना राहिला. भिंतीच्या वरच्या भागात, जिथे पाऊस थेट लागत नाही, तिथे चुन्याच्या गिलाव्याचे तुकडे शिल्लक असू शकतात. इंग्लिश चर्चेस आज उघड्या दगडाची दिसतात तशी ती मुळात नव्हती, आत गिलावा असायचा आणि त्यावर रंगीत चित्रं.

सेंट मार्टिन्सला टॉवरपाशी जास्त वेळ द्या. अर्धा पडल्यामुळे तो कापून ठेवलेल्या फळासारखा झालाय, एरवी कधीच न दिसणारा भिंतीचा छेद दिसतो. बाहेरून-आतून दोन्हीकडे घडीव दगड आणि मध्ये चुना-दगडांची खिचडी. ती मधली भरणी दोन्ही बाजू एकत्र धरून असते, आणि त्या भरणीत पाणी शिरलं की खेळ संपला. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, दर हिवाळ्यात सांधा थोडा उघडतो, पुढच्या वर्षी जास्त पाणी शिरतं. भिंत इतकी शतकं उभी राहिली ती वर छप्पर होतं आणि पन्हाळी साफ होत्या म्हणून. शिसं चोरीला गेल्यावर फार वर्षं लागली नाहीत.

डागडुजीबद्दल एक सांगतो कारण आपल्याकडेही हीच चूक होते. जुन्या चुन्याच्या भिंतीच्या दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, सिमेंटने भरल्या की वरून मजबूत दिसतं, पण चुना ओलावा बाहेर सोडतो आणि सिमेंट तो अडवतं, मग पाणी मऊ दगडातून वाट काढतं आणि दगडच पापुद्र्यांनी सुटतो. सिमेंटची दर्ज तशीच पुढे आलेली आणि तिच्या चारी बाजूंचा दगड आत खाल्ला गेलेला, असं दिसलं तर हेच झालंय. जाणकार लोक म्हणून चुनाच वापरतात, आणि काही ठिकाणी भिंतीच्या माथ्यावर मुद्दाम माती आणि गवत लावतात, ते छोट्या छपरासारखं काम करतं. गवत उगवलंय म्हणजे दुर्लक्ष झालंय असं लगेच समजू नका.

६. प्लॅन काढा

चित्रकला येत नसली तरी चालतं. एक बाजू टेपने मोजा, बाकी पावलांनी. भिंतीची जाडी दरवाज्यात किंवा खिडकीत मोजता येते, ती नक्की लिहा, कारण एकाच चर्चमध्ये दोन जाड्या म्हणजे बहुधा दोन काळ. मग रंगीत पेन्सिली घ्या आणि सांध्यांच्या यादीवरून आधीचं-नंतरचं रंगवा, सगळ्यात जुन्याला गडद रंग. पाडलेल्या भागासाठी तुटक रेषा. हे सगळं झाल्यावर मग माहितीफलकापाशी जा आणि ताडून बघा. चुकाल, मीही चुकतो, पण कुठल्या दगडामुळे चुकलो ते परत जाऊन बघता येतं, आणि तो दगड नंतर विसरला जात नाही.

७. काय करू नये

भिंतीवर चढू नका, कमानीखाली बसून डबा खाऊ नका, वरचा दगड कधी सुटेल सांगता येत नाही. आयव्हीची वेल ओढू नका, तिची मुळं सांध्यात असतात आणि वेलीबरोबर दगड येतो. कोरलेल्या दगडावर खडू, पाणी, कागद काही घासू नका. संरक्षित स्मारकावर परवानगीशिवाय मेटल डिटेक्टर फिरवणं हा १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि पडलेला छोटा दगड आठवण म्हणून खिशात टाकणंसुद्धा कृपया नको, तो कुठे पडला होता हीच त्याची माहिती असते. आणि ही दफनभूमी आहे. उत्खननात इथून जवळपास ७०० सांगाडे निघाले, त्यात लहान मुलं पुष्कळ. आवाज थोडा हळू ठेवावा.

८. परतताना

वेळ असेल तर जवळच्याच व्हॅरम-ले-स्ट्रीटला थांबा. तिथलं सेंट मेरीज अजून उभं आहे, त्याचा टॉवर अकराव्या शतकाचा. पडक्या चर्चमधून थेट छप्पर असलेल्या चर्चमध्ये गेलं की आत किती अंधार असतो, आवाज कसा घुमतो, हे कळतं, आणि सेंट मार्टिन्समध्ये काय हरवलंय ते अंगावर येतं. अजून खोलात जायचं असेल तर यॉर्कच्या बॉर्थविक इन्स्टिट्यूटमध्ये त्या डायोसिसची, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या प्रदेशाची, जुनी कागदपत्रं आहेत. पॅरिशमधल्या बाप्तिस्मा, लग्न, मृत्यूच्या नोंदी ठेवायचा हुकूम १५३८ मध्ये निघाला, त्यामुळे त्यानंतरची माणसं कधीकधी नावानिशी भेटतात. जी चर्चेस इंग्लिश हेरिटेजसारख्या संस्थांकडे नाहीत त्यांच्यासाठी फ्रेंड्स ऑफ फ्रेंडलेस चर्चेस आणि चर्चेस कन्झर्व्हेशन ट्रस्ट या दोन संस्था काम करतात, त्यांच्या साइटवर तुमच्या जवळचं एखादं शोधता येईल.

बाबा त्या दिवशी निघायच्या आधी पुन्हा त्या बुजवलेल्या कमानींपाशी गेले. एका कमानीसमोर भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि सरळ बाहेरच्या दिशेने, गवतात, पावलं मोजत गेले, मग थांबून टाचेने जमिनीवर रेघ ओढली आणि मला हाक मारली, "इथपर्यंत असंल बघ भिंत, लिही." मी लिहिलं. तुमच्या वहीत पण ही तुटक रेषा टेप लावण्याआधी अंदाजाने काढा, आणि मग मोजा.